शॉकअप पहिल्यांदाच घरी बदलताय? या चुका टाळा

पावसाळा संपेपर्यंत पुण्यातले खड्डे आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक पुढच्या शॉकअपचा निकाल लावतात. बॉनेटचा एक कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन तिथेच स्थिरावली तर ठीक, दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉकअप गेलाय. नळीवर तेलाचे ओघळ येऊन त्यावर धुळीचा चिखल बसला असेल, तर हीसुद्धा परीक्षा नको. नुसता हलका ओलसरपणा मात्र दोष नव्हे.

हॅचबॅकचे पुढचे दोन शॉकअप बदलणं घरी जमतं. पहिल्या वेळी पाच-सहा तास धरा आणि एक माणूस सोबत घ्याच. पण या कामातला एक टप्पा घरी करू नये, तो म्हणजे स्प्रिंग दाबून जुन्या स्ट्रटवरून (म्हणजे ज्यावर स्प्रिंग बसते त्या पुढच्या शॉकअपवरून) नव्यावर चढवणं. तिथे मदत घ्यायची, बाकीचं स्वतः करायचं.

बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना स्ट्रटचं डोकं दिसतं. बऱ्याच गाड्यांत तिथे कडेला दोन-तीन छोटे नट आणि मध्ये एक मोठा नट असतो. पहिल्यांदा काम करणारा माणूस नेमका मोठ्याला पाना लावतो, आणि याहून धोकादायक चूक या कामात नाही. तो मधला नट दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर साधारण अडीचशे-तीनशे किलो भार असतो. स्प्रिंग न दाबता तो नट सोडला, तर माउंट (स्ट्रटच्या डोक्यावरची रबरी बैठक) उडून तोंडावर येऊ शकतो. स्ट्रट गाडीतून काढायला फक्त कडेचे छोटे नट सोडायचे. काही मॉडेलमध्ये वर एकच मोठा नट असतो आणि स्प्रिंग धरणारा नट त्याच्या खाली वेगळा असतो, म्हणून आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आधी वाचा.

स्ट्रट अख्खा बाहेर काढा आणि जवळच्या गॅरेजात न्या. भिंतीला किंवा बेंचला पक्का बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर जिथे आहे, तिथेच द्या. "फक्त जुनी स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवून द्या, माउंट आणि बेअरिंग मी आणलंय" एवढं सांगितलं की पुरे. जुन्या बाजारातून आणलेले, स्प्रिंगला हुकाने अडकवायचे सुटे कॉम्प्रेसर टाळा. त्यांचे आटे झिजलेले असतात आणि झिजलेला आटा भाराखाली सुटतो.

सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाणार असाल, तर सोबत आरसीचा फोटो आणि चॅसी नंबर ठेवा. पेट्रोल आणि डिझेल गाडीचे शॉकअप व स्प्रिंग अनेकदा वेगळे असतात, कारण डिझेल इंजिन जड. पुढचा डावा आणि उजवाही वेगळा. दुकानातच दोन्ही शेजारी उभे करून ब्रेक होजची (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीची) क्लिप आणि लिंक रॉडचा (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा) कान एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे आहेत का ते पाहा. एकच बाजू बदलायचा मोह नको. एक बाजू कडक आणि दुसरी ढिली राहिली की जोरात ब्रेक मारताना गाडी हलते. म्हणून यादी अशी: २ स्ट्रट, २ माउंट, २ बेअरिंग, २ बम्प स्टॉप (दांड्यावरचे रबरी ठोकळे), २ डस्ट कव्हर, आणि नायलॉनच्या कड्याचे असतील तर सगळे नट नवे. तसले नट एकदा सोडले की त्यांची पकड जाते.

जागेबद्दल सांगायचं तर सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक भाराखाली खचतात आणि जॅक कलतो. जॅक आणि स्टँडखाली १८ मिमी प्लायवुडचा तुकडा ठेवा. बेसमेंटच्या उतारावर हे काम करायचंच नाही. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक स्टँड म्हणून कधीही नाही, तो सूचना न देता फुटतो. जॅक फक्त उचलायला, धरायला जॅक स्टँड. पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून अडणी लावा. मागची बाजू उचलताना मात्र हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर असतो. तेव्हा पहिला गिअर टाका आणि पुढच्या चाकांना अडणी लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून घ्या.

आता खालची बाजू. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून आधी सोडवा. विसरलात तर चाकाची नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बाहेर कलते तेव्हा वायर ताणली जाते आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो. स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन बोल्ट सोडण्याआधी त्यांची जागा पांढऱ्या पेंटने आखून ठेवा. काही गाड्यांत तिथे भोक लांबट असतं आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, त्यावर ठरतो. या बोल्टच्या डोक्याखाली दाते असले तर बोल्ट फिरवायचा नाही, नटच फिरवायचा. नट शेवटच्या आट्यावर ठेवून हातोडीने ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवला तर सकाळी निम्मं भांडण मिटलेलं असतं.

दुसऱ्या माणसाचं खरं काम इथे आहे. वरचे छोटे नट सुटताना स्ट्रट खालून त्यानेच धरायचा आणि नकल तारेने स्ट्रट बसतो त्या वरच्या जागेला बांधायची. नकल मोकळी लोंबली तर ब्रेक होजवर ताण येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो. गाडीखाली मात्र कोणीच जायचं नाही.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आत हवा शिरलेली असू शकते. बसवण्याआधी उभा धरून दांडा पूर्ण खाली आणि पूर्ण वर, असा हळूहळू चार-पाच वेळा चालवा. यानंतर तो आडवा ठेवायचा नाही. मधला नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून वरच्या षटकोनी खाचेत ॲलन की घाला आणि नटाला वाकडा रिंग पाना लावा. चकचकीत दांडा पक्कडीने धरला की त्यावर ओरखडा उमटतो. तो ओरखडा दर हेलकाव्याला सीलवरून घासतो आणि काही महिन्यांत नवा शॉकअप गळू लागतो. गॅरेजवाल्याकडेही हे नजरेने पाहून घ्या. स्प्रिंगचं टोक खालच्या ताटलीतल्या पायरीला टेकलंय ना, तेही तिथेच पाहा.

आवळण्याचा क्रम हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. नकलेचे बोल्ट चाक लोंबत असताना पक्के आवळले तरी चालतात. पण रबर बुश (जोडातली रबरी नळी) असलेला प्रत्येक बोल्ट, म्हणजे मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट आणि काढला असेल तर कंट्रोल आर्मचाही (नकलेला खालून धरणाऱ्या दांड्याचाही), गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा. लोंबत्या अवस्थेत आवळला तर बुश त्याच कोनात चिकटून बसतो आणि गाडी खाली येताच पिळवटतो. मग काही महिन्यांतच फाटतो.

टॉर्कचे, म्हणजे नट किती जोराने आवळायचा याचे, नेमके आकडे मॅन्युअलमधूनच घ्या. वरचे छोटे एम ८ (८ मिमी आट्याचे) नट साधारण २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, लांब पान्याने जोर लावला तर ते मोडतात. चाकाचे नट बहुतेक हॅचबॅकना ८५ ते ११० न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने.

बसवून झाल्यावर आवाज येत असेल तर तो कुठून येतो हे ओळखता येतं. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग फिरवताना 'टंग' वाजलं, तर स्प्रिंगचं टोक पायरीवर बसलेलं नाही किंवा बेअरिंग उलटं लागलंय. स्ट्रट पुन्हा काढावा लागेल. छोट्या खड्ड्यांवर 'टक टक' आली, तर पहिला संशय लिंक रॉडच्या नटावर घ्या. मोठ्या उडीला 'धप' आला, तर वरचा माउंट किंवा मधला नट ढिला आहे. अशा वेळी गाडी चालवत राहू नका.

गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहत असेल, तर ते अपेक्षितच आहे. स्ट्रट सुटला की अलाइनमेंट बदलतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करून घ्या, नाहीतर टायरची कड झपाट्याने झिजते. अलाइनमेंटला जाण्याआधी जवळपास थोडी चक्कर मारून स्प्रिंग बसू द्या आणि टायरची हवा तपासा. साधारण १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि नकलेचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा बघा.