शेव्हरोलेचे ३८३ स्ट्रोकर इंजिन बांधताना या चुका टाळा

शेव्हरोले या अमेरिकी कंपनीच्या स्मॉल ब्लॉक (आटोपशीर आकाराच्या, आठ सिलिंडरच्या इंजिनांच्या) घराण्यातले ३५० घन इंचांचे इंजिन १९६७ मध्ये कमारोबरोबर आले आणि पुढे शेव्हेल, नोव्हा, माँटे कार्लो अशा अनेक गाड्यांत बसले. याच ब्लॉकचा (इंजिनाच्या मुख्य धडाचा) बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.००० इंचांवरून ४.०३० इंचांपर्यंत वाढवून त्यात ३.४८ ऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वरखाली धावेचा) क्रँकशाफ्ट, म्हणजे ती धाव फिरतीत बदलणारा दांडा, बसवला की ३८३ घन इंच भरतात; अशा वाढीव स्ट्रोकच्या इंजिनाला स्ट्रोकर म्हणतात. ३.७५ हे माप मूळचे १९७० ते १९८० या काळातल्या ४०० घन इंचांच्या इंजिनाचे आहे. रविवारी जुनी गाडी घेऊन निवांत फिरणाऱ्याला हे इंजिन भावते ते कमी आरपीएमलाच (मिनिटाला होणाऱ्या कमी फेऱ्यांनाच) मिळणाऱ्या ओढीमुळे. ते बिघडते तेव्हा दोष बहुधा नव्या क्रँकचा नसतो. क्रँक बदलला, पण बाकीचे सगळे जुन्याच हिशेबाने जोडले, हे खरे कारण असते.

मापांची बेरीज न करता भाग विकत घेणे

या ब्लॉकची डेक उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंतचे अंतर, ९.०२५ इंच असते. निम्मा स्ट्रोक, रॉडची (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांडीची) लांबी आणि पिस्टनची पिनपासून (रॉड जिथे जोडला जातो तिथपासून) माथ्यापर्यंतची उंची यांची बेरीज या अंतरात बसली पाहिजे. मूळ ३५० मध्ये १.७४, ५.७ आणि १.५६ मिळून ९.०० इंच होतात, त्यामुळे पिस्टन डेकच्या किंचित खाली राहतो. तेच पिस्टन आणि तेच रॉड ठेवून नुसता क्रँक बदलला, तर बेरीज ९.१३५ इंचांवर जाते आणि पिस्टन डेकच्या वर ०.११ इंच डोके काढतो. म्हणून ५.७ इंचांच्या रॉडबरोबर सुमारे १.४२५ इंच उंचीचा, स्ट्रोकरसाठीच बनवलेला पिस्टन घ्यावा लागतो. सहा इंचांचे रॉड हल्ली फॅशनमध्ये आहेत, पण त्यांच्यामुळे पिन इतकी वर सरकते की ती ऑइल रिंगच्या (पिस्टनभोवतीच्या, तेल खरवडणाऱ्या कडीच्या) खाचेत शिरते आणि तिथे आधारपट्टी बसवावी लागते. फिरण्याच्या गाडीसाठी हा उपद्व्याप करण्याची गरज मला तरी दिसत नाही.

मूळ ४०० चा जुना क्रँक कोणी स्वस्तात देऊ केला, तर त्याचे मेन जर्नल (ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) २.६५ इंचांचे असतात आणि ३५० च्या ब्लॉकला २.४५ इंचांचे लागतात, हे लक्षात ठेवावे. ते घासून कमी करण्याचा खर्च धरला, की स्वस्ताई फारशी उरत नाही.

जागा आहे असे गृहीत धरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. लांब स्ट्रोकमुळे रॉडचा मोठा डोळा (क्रँककडचे टोक) आणि त्याचे बोल्ट दोन ठिकाणी अडतात: खाली ऑइल पॅनच्या कडेला व सिलिंडरच्या तळाशी, आणि वर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) लोबला, म्हणजे उंचवट्याला. दोन्हीकडे किमान ०.०५० ते ०.०६० इंच मोकळी जागा हवी. खालची बाजू तपासणे सोपे आहे. क्रँक, एक रॉड आणि रिंगा न घातलेला पिस्टन बसवून हाताने सावकाश फिरवावे, अडेल तिथे खूण करावी आणि तेवढाच भाग ग्राइंडरने काढावा. एकदम खोल खणू नये, कारण काही ब्लॉकमध्ये त्या भिंतीच्या पलीकडे लगेच पाण्याचा मार्ग असतो.

कॅमकडची तपासणी मात्र अनेकजण अर्धवट करतात. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकचा एकच फेरा घेतला तर कॅमचे अर्धेच वर्तुळ पाहिले जाते. टायमिंग चेन नेमक्या खुणांवर बसवून दोन पूर्ण फेरे घ्यावेत आणि आठही रॉडच्या बोल्टवर मातीचा (मॉडेलिंग क्लेचा) पातळ थर लावून तो किती दबला ते मोजावे. नंतर कॅम बदलला किंवा त्याचे टायमिंग पुढेमागे केले, तर ही सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. फारच अडत असेल तर कमी उंचीच्या डोक्याचे बोल्ट असलेले रॉड किंवा लहान बेस सर्कलचा (लोबचा उंचवटा सोडून उरलेल्या वर्तुळाचा) कॅम घ्यावा.

कॉम्प्रेशन आपोआप वाढते हे विसरणे

पिस्टन सर्वांत वर असताना एका सिलिंडरचा उरलेला एकूण मोकळा भाग ८८ घन सेंटिमीटर धरला, तर ४.०३० इंच बोअर आणि जुन्या स्ट्रोकवर कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९.२७ येते. स्ट्रोक ३.७५ केला, की दुसरे काहीही न बदलता तेच ९.९ होते. लोखंडी हेडसाठी (सिलिंडरवरच्या झाकणासाठी) ९ ते ९.५ आणि अॅल्युमिनियम हेडसाठी १० च्या आसपास थांबणे पंपावरच्या पेट्रोलला मानवते. भारतातून अमेरिकेत गेलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता) मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी असतो, तर भारतातला निव्वळ आरओएन असतो. त्यामुळे अमेरिकेतले ९१ म्हणजे भारतीय हिशेबाने साधारण ९५ ते ९६.

चढावर इंजिन नॉकिंग करू लागले (मिश्रण अवेळी पेटून ठोके ऐकू आले), तर लगेच हेड उतरवू नये. आधी ठिणगीच्या टायमिंगची खूण खरी आहे का ते पाहावे. जुन्या हार्मोनिक बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, थरथर शोषणाऱ्या चकतीची) बाहेरची कडी रबरावरून सरकलेली असते, शिवाय वेगवेगळ्या वर्षांच्या बॅलन्सरवर खुणेची जागाही वेगळी असते. पिस्टन स्टॉप (पिस्टनला ठरावीक जागी अडवणारे हत्यार) लावून खरा टीडीसी (पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान) शोधला, की पुष्कळदा तिथेच उत्तर सापडते.

बॅलन्सिंगची सरमिसळ

मूळ ३५० चे १९८५ पर्यंतचे, मागचे (तेल अडवणारे) सील दोन तुकड्यांचे असलेले क्रँक आतूनच बॅलन्स केलेले असत, तर ४०० च्या क्रँकला पुढच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर (क्रँक आणि टॉर्क कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीवर) जास्तीचे वजन लागे. १९८६ पासूनच्या, एकसंध सीलच्या ३५० मध्ये हे वजन फक्त मागे असते. आपला क्रँक यांपैकी कोणत्या पद्धतीचा आहे हे विक्रेत्याला विचारून लिहून घ्यावे आणि बाकीचे दोन्ही भाग त्याच पद्धतीचे घ्यावेत. गाडी थरथरत असेल, तर ती ज्या आरपीएमला थरथरते तेवढाच आरपीएम उभ्या गाडीत न्यूट्रलवर ठेवून पाहावा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा किंवा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) टॉर्क कन्व्हर्टरचा. ती थांबली तर प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांकडे पाहावे.

मोठा कॅम, मोठा कार्ब्युरेटर

३८३ घन इंचांचे इंजिन ५५०० आरपीएमला पूर्ण क्षमतेने भरले, तरी त्याला मिनिटाला सुमारे ६१० घनफूट हवा लागते. म्हणून ६५० ते ७५० घनफुटांचा कार्ब्युरेटर पुरतो. सिग्नलला उभे असताना डुलत चालणारे इंजिन ऐकायला झकास वाटते, पण फार मोठ्या कॅममुळे मॅनिफोल्डचा (सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम घसरतो आणि पॉवर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. ओढीसाठी बांधलेल्या इंजिनात तीच ओढ कॅमपायी घालवणे हा उफराटा व्यवहार झाला.

रिंगांची फट

नेहमीच्या वापराच्या, टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगेची (तिच्या दोन टोकांतली) फट बोअरच्या प्रत्येक इंचामागे सुमारे ०.००४ इंच, म्हणजे इथे ०.०१६ इंच, ठेवतात. पाकिटातली रिंग न मोजता बसवू नये. फट कमी पडली तर तापल्यावर टोके भिडतात आणि पिस्टनचा माथा फुटतो.

पहिल्यांदा सुरू करताना

सुरू करण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर (ठिणगी सिलिंडरांना वाटणारा भाग) काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवावा, पण त्यासाठी नुसती सळई चालत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या नळीमुळे उजव्या बाजूच्या टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या दट्ट्यांचा) तेलमार्ग पुरा होतो, म्हणून तशीच बाही असलेले हत्यार लागते. नाहीतर तेल तिथूनच गळून जाते आणि रॉकरपर्यंत पोचत नाही. फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर झिंकयुक्त तेल घालून, इंजिन आयडलिंगवर न ठेवता, सुरू होताच २००० आरपीएमच्या वर नेऊन वीस मिनिटे चालवावे. रोलर कॅमला हा सोपस्कार लागत नाही. त्यानंतर तेल बदलावे आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पाहावा: बारीक करडी चकाकी नव्या रिंगांची असते, पण चुंबकाला चिकटणारे लोखंडी कण कॅमचे लोब झिजत असल्याची खूण आहेत आणि तांबूस कण दिसले तर बेअरिंगच्या टोप्या उघडूनच पुढे जावे.