पावसाळ्यात परसातील कोंबड्या: गादी कोरडी, खाद्य ताजे

पावसाळ्यात खुराड्याचा खरा शत्रू विष्ठा नसून ओल आहे. खुराड्यात अंथरलेल्या तुसाच्या किंवा भुशाच्या कोरड्या गादीत विष्ठा सुकून मिसळून जाते. तीच गादी भिजली की रक्ती हगवणीचे परजीवी एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगे होतात, अमोनिया हा झोंबणारा वायू सुटतो आणि पायांना जखमा होतात. म्हणून रोज सकाळी झाडू हातात घेण्याआधी ओल कुठे आली ते शोधा. ती बहुधा पाण्याच्या भांड्याभोवती, दाराशी किंवा छपराच्या गळतीखाली सापडते.

तूस किंवा लाकडाच्या भुशाची गादी 2 ते 3 इंच जाड हवी. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा हळूहळू सुटला तर ओल योग्य आहे. तसाच राहिला तर गादी भिजली आहे, आणि मुळीच न चिकटता धूळ उडाली तर ती फार कोरडी आहे. भिजलेला भाग फावड्याने पूर्ण काढून तिथे नवी कोरडी गादी घाला. उरलेली आठवड्यातून दोनदा खालीवर करा, नाहीतर वर पापुद्रा धरतो. ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याची सवय मात्र सोडावी. चुन्यामुळे विष्ठेतला अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना वापरायचाच तर गादी काढलेल्या मोकळ्या जमिनीवर, कोंबड्या बाहेर असताना.

अमोनियाचा वास उभ्याने घेऊ नका. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीपर्यंत वाका. तिथे डोळे चुरचुरले तर हवा खेळती नाही असे समजा. पावसाची झड अडवायला पडदे लावतात तेव्हा नेमकी हीच चूक होते: चारही बाजू बंद होतात. पडदा वाऱ्याच्या बाजूलाच लावा आणि छपराखाली वीतभर फट उघडी ठेवा.

पाण्याच्या भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे पाणी सांडत नाही आणि त्यात माती, विष्ठाही जात नाही. अंड्यावरची, म्हणजे अंडी देणारी, कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते, उकाड्यात दुपटीपर्यंत. भांड्याच्या आतला बुळबुळीत थर नुसत्या विसळण्याने जात नाही, रोज ब्रशने घासावा लागतो.

खाद्याचा हिशेब सोपा आहे. अंड्यावरची कोंबडी रोज 100 ते 120 ग्रॅम खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना रोज साधारण 1.1 किलो, आणि 50 किलोचे पोते दीड महिना पुरेल. पावसाळ्यात इतके दिवस उघडे पोते ठेवले तर बुरशी ठरलेलीच. पंधरा-वीस दिवसांपुरतेच घ्या आणि भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. गाठी झालेले किंवा कुबट वासाचे खाद्य उन्हात वाळवून किंवा उकळून वापरू नये. बुरशी मेली तरी तिचे विष त्यात उरते आणि ते थेट यकृतावर जाते. असे खाद्य फेकणेच स्वस्त पडते.

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने हवीत. तेच खाद्य पिलांना घालू नका. त्यातल्या जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, कोंबडी गरजेपुरता खाते. अंड्याचे कवच बरेचसे रात्री तयार होते, त्यामुळे संध्याकाळी ते भांडे रिकामे नसावे. फीडर, म्हणजे खाद्याचे भांडे, एक तृतीयांशच भरा. काठोकाठ भरलेल्यातले कोंबड्या चोचीने उडवतात आणि सांडलेले गादीत कुजते. घरातले उरलेसुरले रोजच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. खारट, बुरशी आलेले काही देऊ नका आणि अर्ध्या तासात न संपलेले उचला.

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या छातीवर, किंचित उजवीकडे, अन्नाची पिशवी चाचपा. ती भरलेली लागली पाहिजे आणि सकाळी खाद्यापूर्वी रिकामी. संध्याकाळी रिकामी लागली तर ती कोंबडी आजारी आहे किंवा दुसऱ्या तिला खाऊ देत नाहीत. सकाळीही भरलेलीच असेल तर पिशवीत काहीतरी अडकले आहे किंवा आंबले आहे. त्याच वेळी बॅटरीच्या उजेडात दांडीच्या खाचा आणि खालची बाजू पाहा. लाल माइट्स हे बारीक किडे दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात. तुरे फिके पडले, अंडी घटली तर आधी इथेच शोधा. दांड्या काढून घासा आणि फटींवर उकळते पाणी ओता. छपराखाली कोरडी माती आणि राख असलेला खड्डा ठेवा. धुळीत लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा स्वतःच बऱ्याच कमी करतात.

मळकी अंडी कोरड्या फडक्याने पुसा. गार पाण्याने धुतल्यास कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू छिद्रांतून आत ओढले जातात. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक कोरडी पेटी ठेवली की मळकी अंडी मुळातच कमी होतात.

तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले किंवा पिले पंख पाडून गोळामोळा होऊन बसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. तोपर्यंत ती वेगळी, कोरड्या जागी ठेवा. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर मेलेल्यांना उघड्या हातांनी शिवू नका, इतरांना बाहेर सोडू नका आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.