जुन्या ट्रेलरचं बाथरूम: कमोड, नळ आणि शॉवर कसे बदलावेत

अमेरिकेत १९६०-७०च्या दशकातला एअरस्ट्रीम किंवा तसाच एखादा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, हाती लागला, की लोक आधी पडदे आणि गाद्या बदलतात. बाथरूमची पाळी शेवटी येते आणि खरं काम तिथेच निघतं. घरातलं बाथरूम जागचं हलत नाही. हे मात्र महामार्गावर तासन्‌तास हादरत राहतं आणि हिवाळ्यात गोठतं. त्यामुळे घरासाठी उत्तम असलेलं सामान इथे चालेलच असं नाही.

आधी कमोड काढा

नवा नळ बसवायचा मोह होतो, पण सुरुवात कमोडपासूनच करा, कारण खालची जमीन शाबूत आहे की नाही हे तो काढल्याशिवाय कळत नाही. मैल्याची टाकी डंप स्टेशनवर (अशा टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी) रिकामी करून धुऊन घ्या. बाहेरून येणारा पाण्याचा होज काढा, पंप आणि वॉटर हीटर बंद करा, पाणी थंड झालं की सगळे नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. मग कमोडमागची पाण्याची जोडणी सोडवा आणि बुडाचे बोल्ट काढा. ते बहुधा गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर करवत काढावी लागत नाही. कमोड उचलला की भोकात चिंध्यांचा बोळा बसवा. वासही अडतो आणि हातातला स्क्रू टाकीत पडत नाही.

आता जाड दाभण किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन फ्लँजभोवतीचं (कमोड ज्यावर बसतो त्या जमिनीतल्या कड्याभोवतीचं) प्लायवुड टोचत जा. टोक सहज आत शिरलं, तर लाकूड कुजलंय. तेवढा भाग कापून नवं प्लायवुड घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. मात्र त्या काळच्या विनाइल फ्लोअरिंगमध्ये किंवा त्याच्या गोंदात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतू) असू शकतं. ते खरवडू नका, सँडिंग तर मुळीच नको. नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

नवा कमोड आर.व्ही.साठी, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठी, बनवलेलाच घ्या. घरच्या कमोडला दर फ्लशला ४.८ लिटरच्या आसपास पाणी लागतं. ट्रेलरची टाकी त्यानं बघता बघता भरेल. मागची भिंत ते फ्लँजचा मध्य हे अंतर मोजूनच खरेदी करा. प्लास्टिकचा हलका असतो, पण माझं मत चिनी मातीच्या भांड्याला: डाग धरत नाही. वजन वाचवायला बाकी जागा पुष्कळ आहेत. खाली घरच्यासारखं मेणाचं कडं लावू नका, हादऱ्यांनी त्याची पकड सुटते. कमोडसोबत येणारं रबरी सील लावा आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा.

भिंतीमागचे पाइप

नळाला हात लावण्याआधी पाइप कसले आहेत ते बघा. राखाडी, लवचीक आणि अंगावर ‘पीबी २११०’ छापलेला असेल, तर तो पॉलिब्युटिलीन. १९७८ ते १९९५च्या दरम्यान तो अमेरिकेत सर्रास वापरला गेला आणि फुटण्यासाठी बदनाम झाला. त्याला तुकडे जोडत बसू नका, पूर्ण काढा. तांब्याचा असेल तर उभी चीर शोधा; पाणी गोठलं की तांबं असंच फाटतं. शिवाय अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना शिशाच्या डागकामाची बंदी आली ती १९८६ साली, हेही लक्षात असू द्या.

दोन्हींवर उपाय एकच: पेक्स, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पाइप. गोठण्यात तो तांब्यापेक्षा जास्त तग धरतो, आणि पातळ भिंतींच्या ट्रेलरमध्ये डागकामासाठी गॅसची ज्योत पेटवावी लागत नाही. पाइप ताणून बसवू नका, वळणावर थोडी ढील ठेवा. जिथून तो पत्र्यातून किंवा लाकडातून जातो तिथे रबरी कडं घाला, नाहीतर घासून घासून भोक पडेल.

बेसिन आणि शॉवर

बेसिनचा नळ सोपा आहे. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर चार इंच असेल, तर घरगुती नळही चालतो. फक्त पितळी असेल तर ‘लेड-फ्री’ लिहिलेला घ्या.

शॉवरची गोष्ट वेगळी. घरगुती दोन मुठींच्या शॉवरला बहुधा आठ इंचांचं अंतर लागतं, ट्रेलरमध्ये चारच असतं. म्हणून इथे आर.व्ही.चाच नळ. जुनी प्लास्टिकची भिंत पिवळी पडून ठिसूळ झालेली असते, तेव्हा मागून पट्टी लावून आधार द्या. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे घेऊन आधी हातानं फिरवा आणि पान्यानं फार तर पाव फेरा. हातातल्या शॉवरचं बटण बंद केल्यावरही पाणी थेंब थेंब पडत राहतं. ती मुद्दाम केलेली सोय आहे, दुकानात परत न्यायला धावू नका.

चाचणी

पहिली चाचणी ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या पंपावर घ्या. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर धरा; बोटाला न जाणवणारी ओल त्यावर दिसते. त्यानंतरच बाहेरचा होज जोडा, तोही ४० ते ५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) प्रेशर रेग्युलेटरमधून. कॅम्पग्राउंडच्या नळाच्या दाबाचा भरवसा नसतो.

मग गोड्या पाण्याच्या टाकीत दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घाला, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत ते खेळवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी भरपूर पाण्यानं धुऊन काढा. पहिल्या लांब प्रवासानंतर कमोडचे बोल्ट आणि बेसिनखालचे सांधे पुन्हा एकदा तपासा.