मराठी नावाचा लोगो अडला की

मराठी नावाचा लोगो करायला बसलं की हात आधी पिंटरेस्टकडे जातो. तिथे सापडतात ती बहुतेक रोमन अक्षरं. त्यांच्यावरून सुचलेलं देवनागरीत आणलं की र आणि ण उसना कोट घातल्यासारखे दिसतात. देवनागरीसाठी लागणारा माल रस्त्यावर पडलेला असतो: जुन्या दुकानांच्या रंगवलेल्या पाट्या, एसटीचे फलक, ट्रकची मागची फळी, जुन्या लग्नपत्रिका. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं मिळाली तर जरूर बघा. अख्ख्या नाटकाचा स्वभाव त्या चारपाच अक्षरांत कसा बसवलाय ते कळेल.

बाहेर पडण्याआधी नावच नीट वाचा. समजा, नाव ‘रुक्मिणी’ आहे. रु चा उकार र च्या कुशीत बसतो, त्यामुळे या नावात खाली काहीच लोंबत नाही. सगळी गर्दी वर आहे. क्मि ची वेलांटी डावीकडून निघून उजवीकडे झुकते, णी ची उजवीकडून डावीकडे, म्हणजे दोन्ही वेलांट्या समोरासमोर येतात. त्यांचं छप्पर होईल, मंडप होईल किंवा डब्याचं झाकण होईल. आता रस्त्यावर काय शोधायचं ते ठरलं: वेलांट्या आणि अर्धा क. बाकी पाट्या कितीही देखण्या असोत, आज त्यांना हात लावायचा नाही.

वेळ दोन तास, गल्ली एकच. पुण्यातली पेठ, गिरगाव, कोल्हापुरातला महाद्वार रोड, किंवा तुमच्या गावची बाजारपेठ चालेल. सकाळी दुकानं उघडायच्या आधी जा. नंतर लटकवलेल्या मालाने पाट्या झाकल्या जातात. पाटीखाली उभं राहून फोटो काढू नका. खालून बघितलं की अक्षरं वर निमुळती होतात आणि मोजमाप फसतं. रस्त्याच्या पलीकडे जा, दुप्पट झूम लावा, फोन पाटीला समांतर धरा. तीस फोटो पुरे. प्रत्येकाला जागा, तारीख आणि अक्षर कशाने काढलंय (सपाट ब्रश, कापलेला पत्रा, निऑन) एवढं लिहून ठेवा. हे लिहिलं नाही तर महिन्याभराने तो फोटो नुसती गंमत म्हणून उरतो.

घरी आल्यावर त्यातले पाच निवडून ए-४ वर छापा, वर बटर पेपर ठेवा आणि फक्त हवी तीच अक्षरं गिरवा. मग मोजा. शिरोरेषेपासून तळापर्यंतच्या उंचीत रेघेची जाडी किती वेळा मावते? पाचच्या आसपास आलं तर अक्षर ठसठशीत, दहाच्या पुढे गेलं तर नाजूक. वेलांटी शिरोरेषेच्या किती वर जाते, तेही टिपा.

जाड-बारीक कुठे का होतं हे कळायला दोन पेन्सिली रबरबँडने बांधा, टोकांत एक सेंटीमीटर अंतर ठेवून. डावं टोक वर, उजवं खाली, साधारण ४५ अंशांत धरा आणि कोन न बदलता क काढा. वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड होते, वर डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. रोमनमध्ये हे बरोबर उलटं असतं. उभी आणि आडवी रेघ दोन्ही सुमारे सात मिलिमीटरच्या येतील. बोरूच्या लेखणीचं टोक तिरकं कापतात ते यासाठीच.

आता वीस मिनिटांचा गजर लावा आणि तीन बाय पाच सेंटीमीटरच्या चौकटींत तीस कच्ची रेखाटनं काढा, पेन्सिलनेच. पहिली दहा बहुधा पाहिलेल्याची नक्कल निघतात. ती निघून जाऊ द्यात.

एकाच पाटीवरून उचललं तर ती त्या पेंटरची चोरी आहे. एकीकडून प्रमाण घ्या, दुसरीकडून वेलांटीचं वळण, तिसरीकडून रेघेचं टोक. गंज आणि पोपडे मात्र घेऊ नका, तो काळाचा परिणाम आहे, अक्षराचा गुण नव्हे. ल आणि श असलेल्या नावांत मराठी वळण तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं. आणि स्केच स्कॅन करून ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधलं इमेज ट्रेसचं (चित्रावरून आपोआप रेघा काढणारं) बटण दाबू नका: कोपरे गोल होतात, शेकडो बिंदू पडतात आणि नंतर एक रेघ सरळ करायला दुपार जाते. स्केच खाली ठेवून पेन टूलने, म्हणजे एकेक बिंदू ठेवत, हातानेच काढा.

शेवटी नाव पंधरा मिलिमीटर रुंदीत छापून हातभर अंतरावरून बघा. म ची गाठ किंवा क चं पोट बुजलं असेल तर सगळी रेघ बारीक करत बसू नका, आतली पोकळी तेवढी वाढवा.