स्थायिक व्हायला निघताना वाटेतले विमानतळ कसे सांभाळावेत

कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर मुंबईहून कॅलगरीला निघालेल्या कुटुंबाच्या तिकिटावर बहुधा दोन थांबे असतात. पहिला दुबई, दोहा किंवा फ्रँकफुर्टसारख्या ठिकाणी आणि दुसरा टोरांटोला. घरातली सगळी माणसे पहिल्या थांब्याची काळजी करतात, कारण विमानतळ अवाढव्य असतो आणि मुलखाशी आपला काही संबंध नसतो. माझ्या मते खरी तयारी दुसऱ्या थांब्याची करायला हवी. कॅनडात ज्या विमानतळावर तुम्ही प्रथम उतरता तिथेच तुमचे इमिग्रेशन होते, तिथेच कस्टम्स होते आणि तिथेच सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. कॅलगरीला यातले काहीही उरत नाही. तिकीट काढताना मात्र हे कोणी सांगत नाही, कारण तिकिटाच्या प्रणालीला तुम्ही आठ दिवस फिरायला निघाला आहात की घर मोडून निघाला आहात हे कळत नसते.

आमच्या तिकिटावर टोरांटोला दोन तास दहा मिनिटे होती. एजंटाने ती पुरेशी असल्याचे सांगितले आणि आम्हीही मान डोलावली. त्या दुपारी तीन मोठी विमाने पाठोपाठ उतरली होती. सर्वसाधारण रांग संपल्यावर नव्याने येणाऱ्यांसाठी वेगळ्या दालनात बसायचे असते, हे आम्हाला तिथे गेल्यावर समजले. आमचे नाव पुकारले गेले तेव्हा कॅलगरीचे विमान सुटून वीस मिनिटे झाली होती. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, तिचा एक बूट कुठे तरी राहिला होता आणि आमच्या सहा बॅगा पट्ट्याशेजारी ओळीने उतरवून ठेवलेल्या होत्या. सगळा प्रवास एकाच तिकिटावर होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जादा पैसे न भरता जागा मिळाली. तिकिटे वेगवेगळी असती, तर तीन माणसांची नवी तिकिटे भर मोसमात काढावी लागली असती. म्हणून पहिल्या कॅनेडियन विमानतळावर किमान चार तास ठेवा. थंडीच्या दिवसांत किंवा लहान मुले बरोबर असतील तर पाच ठेवले तरी वाया जात नाहीत.

एकच तिकीट, म्हणजे एकच पीएनआर, घेण्याचे महत्त्व इथे नीट समजून घेतले पाहिजे. एका पीएनआरवर विमान चुकले तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाचे सामानाचे वजन शेवटच्या देशांतर्गत टप्प्यालाही लागू राहते. दोन स्वतंत्र तिकिटे काढली की दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ उशिरा आलेले प्रवासी ठरता. शिवाय मधल्या देशात सामान उतरवून पुन्हा द्यायचे, तर त्या देशाच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावे लागते आणि त्यासाठी तिथला व्हिसा लागू शकतो. दहा-पंधरा हजार रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

विमानतळ बदलत नाही ना, हेही पाहा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला असल्याने नागपूरहून येणारे विमान नवी मुंबईला उतरणार आणि परदेशी जाणारे सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाहून, सुटणार, अशी जुळणी नकळत होऊ शकते. दुबईला टर्मिनल तीन आणि टर्मिनल दोन हे धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत आणि मधले अंतर बसने काटावे लागते. लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला ट्रान्झिट व्हिसाचा नियम लागू होतो. कॅनडा किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असल्यास त्यात सवलत मिळते, पण सवलतीच्या अटी असतात. अशा नियमांत फेरबदल होत राहतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते वाचावेत.

अमेरिकेला स्थायिक व्हायला जाणाऱ्यांसाठी अबू धाबीचा मार्ग वेगळा आहे. तिथे 2014 पासून अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच होते आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. त्यामुळे या मार्गावर मोठा थांबा अबू धाबीलाच हवा.

आता कागदांविषयी, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. पासपोर्ट, सीओपीआरचे (पीआर मंजूर झाल्याच्या अधिकृत पुष्टीचे) कागद, लग्नाचा व जन्माचा दाखला, पदव्या, लसीकरणाच्या नोंदी आणि पैशांचे पुरावे चेक-इन बॅगेत कधीच घालू नका; ते चाकांच्या केबिन बॅगेतही ठेवू नका. विमान भरलेले असले, की वरच्या कप्प्यात जागा उरत नाही आणि दारापाशी कर्मचारी केबिन बॅग मागून घेऊन विमानाच्या पोटात टाकतात. त्या घाईत बॅगेतून काय काढून घ्यायचे हे सुचत नाही. माझ्या आईने खणाच्या कापडाची, आडवा पट्टा असलेली एक पिशवी शिवून दिली होती. ती छातीशी लटकत असे आणि झोपतानाही काढायची नाही, असे तिने बजावले होते. टोरांटोच्या त्या दालनात अधिकाऱ्याने एकेक कागद मागितला तेव्हा जागेवरून न उठता तो देता आला. सीओपीआरवर घरी सही करू नका. ती अधिकाऱ्यासमोर करायची असते.

त्याच पिशवीत सामानाच्या दोन याद्या असाव्यात: एक बरोबर आणलेल्या वस्तूंची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या वस्तूंची, प्रत्येक वस्तूच्या अंदाजे किमतीसह. कस्टम्सचा यासाठी बीएसएफ 186 नावाचा अर्ज आहे. दागिन्यांचे फोटो आणि सराफाचे मूल्यांकन जोडल्यास प्रश्न लवकर मिटतात. मागाहून येणाऱ्या वस्तूंची यादी पहिल्याच विमानतळावर दिली नाही, तर पुढच्या वर्षी आईने पाठवलेल्या पाटल्यांवर कर भरण्याची वेळ येऊ शकते. 10,000 कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम जवळ असेल तर ती जाहीर करणे बंधनकारक आहे. रक्कम आणायला बंदी नाही, लपवायला आहे. भारतातून निघताना रोख परकीय चलन साधारणपणे 3,000 अमेरिकन डॉलरपर्यंतच नेता येते, तेव्हा उरलेले पैसे फॉरेक्स कार्डावर किंवा बँकेमार्फत पाठवावेत.

आणखी एक तारीख डोळ्यांसमोर ठेवा. सीओपीआरवर मुदत छापलेली असते. ती बहुधा वैद्यकीय तपासणीच्या तारखेशी जोडलेली असते आणि वाढवून मिळत नाही. नोकरीचा राजीनामा, शाळेची परीक्षा, घराचा भाडेकरार यांत दिवस जातात आणि अनेक जण मुदतीच्या आदल्या दिवसाचे तिकीट काढतात. अशा वेळी धुक्यामुळे चुकलेले एक विमान सगळ्या कुटुंबाची पीआर धोक्यात आणू शकते. मुदतीआधी किमान दहा दिवस उतरता येईल असे तिकीट काढावे.

आखातातून जाणार असाल, तर डब्यांवर एकदा नजर फिरवा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांत मोडतो आणि तिथे ती बाळगणे गुन्हा आहे. आपल्या अनारशांना ती लावलेली असते, काही घरांच्या मसाल्यातही ती पडते. बॅगा थेट पुढे जाणार असल्या, तरी विमान चुकून शहरातल्या हॉटेलात जायची वेळ आली तर त्या तुमच्या हाती येतात, आणि मग तो डबा तुमच्या नावावर देशात शिरतो. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांबाबतही हेच. रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि किमान तीन दिवस पुरतील इतकी केबिन बॅगेत असावीत.

लोणचे, तूप, चटणी ही सुरक्षा तपासणीत द्रव किंवा लेपच मानली जातात आणि मधल्या थांब्यावर तपासणी पुन्हा होते, म्हणून 100 मिलीपेक्षा मोठी बाटली किंवा बरणी हातात नको. पॉवर बँक मात्र हातातल्या सामानातच हवी. दुबई आणि दोह्याला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, कॅनडात दोन चपट्या पात्यांचा. दोन्ही बरोबर ठेवा, कारण फोन बंद पडला की तिकीट, पत्ता आणि घ्यायला येणाऱ्याचा नंबर सगळेच जाते. हे तिन्ही कागदावरही लिहून ठेवा. भारतीय सिमचे रोमिंग सुरू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

पहिल्या थांब्यावर उतरल्याबरोबर खाण्याकडे किंवा दुकानांकडे वळू नका. आधी फलकावर पुढच्या विमानाचे गेट शोधा, तिथवर चालत जा आणि किती वेळ लागला हे पाहा; मग खुशाल मागे या. बोर्डिंग पासवरची वेळ स्थानिक असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास आणि दोह्याचे अडीच तास मागे असते. मनगटी घड्याळ मुंबईच्या वेळेवर राहिले की झोपमोड झालेला माणूस हिशेब चुकतो. घड्याळ विमानातच लावून घ्या. गेट बऱ्याचदा सुटण्याच्या वीस मिनिटे आधी बंद होते आणि फलकावर दिसणारे गेट बदलूही शकते, म्हणून दर अर्ध्या तासाने कोणी तरी उठून पाहावे. हे काम मोठ्या मुलाला दिले की त्याचाही वेळ जातो. कुटुंबातल्या एकाने जागे राहायचे आणि दुसऱ्याने झोपायचे, अशी पाळी आधीच ठरवा.

जोरदार थंडीत उतरणार असाल तर गरम कपडे, मोजे आणि मुलांचा एक जादा पोशाख हातातल्या बॅगेत असू द्या. आम्हाला ती रात्र टोरांटोला काढावी लागली तेव्हा याच कपड्यांनी निभावले.

मुंबईच्या काउंटरवर टॅगवरचे शेवटचे अक्षरगट वाचा. तिथे वायवायसी, म्हणजे कॅलगरी, छापले असले तरी नव्याने स्थायिक होणाऱ्याने टोरांटोला बॅगा पट्ट्यावरून घेऊन कस्टम्ससमोरून न्याव्यात आणि पुढच्या विमानाच्या पट्ट्यावर पुन्हा ठेवाव्यात. खाण्याचे जे काही आणले आहे ते विचारल्यावर सगळे सांगा. टपालाने येणाऱ्या पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता तयार ठेवा. यानंतर देशांतर्गत सुरक्षा तपासणी पुन्हा होईल. ती झाली, की घ्यायला येणाऱ्याला विमानाचा क्रमांक कळवा आणि हेही कळवा, की तुम्ही देशांतर्गत विमानाने उतरणार आहात, तेव्हा त्याने कॅलगरीला आंतरराष्ट्रीय आगमनाच्या दाराशी नव्हे, तर देशांतर्गत आगमनाकडे थांबावे.