“तू नवीन आहेस, तूच बोल”

ऑफिसात राजकारण असतं हे तुम्हाला सांगायला नको. ‘आपण बरं, आपलं काम बरं’ हा सल्लाही घरून निघताना मिळालेला असतोच. मलाही मिळाला होता आणि मी तो पाळतोय असंच मला वाटत होतं.

हिंजवडी फेज टू, जॉइन होऊन चार महिने झालेले. टीममधले सीनियर रोज चारच्या सुमारास टपरीवर जमायचे. एक दिवस मलाही हाक मारली, त्याचंच केवढं अप्रूप! विषय एकच, सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख. टेस्टिंगला आठ दिवस दिलेत, तीन आठवड्यांशिवाय होणार नाही, पण सरांना सांगणार कोण? एक जण कटिंग संपवत म्हणाला, “तू बोल ना. तू नवीन आहेस, तुला कोण काय म्हणणार? आम्ही आहोतच की.”

मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी बोललो. चांगली आकडेमोड करून बोललो. मॅनेजरने विचारलं, “बाकीच्यांचं काय?” एकाने बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिता परत लावलं. मला पुढे करणारा म्हणाला, “टाइट आहे सर, पण करू मॅनेज.”

हा सापळा नीट बघा. मला खोटं बोलायला सांगितलं असतं तर मी बोललोच नसतो. तक्रार खरी होती, म्हणूनच फसलो. मुद्दा खरा असला की तो कोणाच्या तोंडून जातोय याकडे आपलं लक्षच जात नाही. माझ्या जिवावर त्यांना मॅनेजरचा मूड कळला आणि वर ते समजूतदारही ठरले. हे कोणी कट करून ठरवलं असेल असंही नाही, आयत्या वेळी कच खाल्ली असेल. पण कट असो की कच, माझं रेटिंग पडायचं ते पडलंच.

आता कोणी ‘तू बोल’ म्हणालं की मी सरळ विचारतो, “दोघांच्या नावाने मेल टाकूया?” हो म्हणाले तर खुशाल बोला. “मेल नको रे, तोंडीच सांग” असं आलं, तर बंदूक त्यांची आणि खांदा तुमचा.

रिलीज दोन आठवडे लांबलं. ‘तू म्हणाला होतास’ असं कोणीही म्हणालं नाही. अप्रेझलमध्ये शेरा मिळाला : काम चांगलं, टीममध्ये मिसळत नाही. आमच्याकडे बेल कर्व्ह होता, म्हणजे काही जणांना खालच्या खणात टाकायचंच. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्येच बंद केली होती, पण आमच्यापर्यंत ते वारं पोचलं नव्हतं. अशा वेळी ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, त्याला खाली टाकणं सगळ्यात सोपं.

मग रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायला लागला. दोन ओळींचा मेल अकरा-अकरा वेळा वाचायचो. मला वाटलं, कोडिंग आपल्याला आवडतच नाही. पस्तीस हजार भरून डेटा सायन्सचा कोर्स लावला आणि तोही अर्धवट सोडला. कोडिंग मला तेव्हाही आवडत होतं. आवडत नव्हती ती खोली.

पुढे पार्टटाइम एमबीएच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतला, तेव्हा जेराल्ड फेरिस या संशोधकाची आणि त्याच्या सहकाऱ्यांची १९८९ ची मांडणी वाचली. राजकारण चाललंय असं जितकं जाणवतं तितका ताण वाढतो, समाधान घटतं. पण ते कसं चालतं हे ज्याला उमगतं, त्याला त्याची झळ कमी बसते. वाचून हायसं वाटलं. थोडा रागही आला, कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

एचआरने नेमून दिलेल्या मेंटॉरकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याचंही अप्रेझल त्याच मॅनेजरकडे असतं. मला शहाणं केलं ते दुसऱ्या प्रोजेक्टमधल्या एका टेस्टर ताईंनी. बारा वर्षं एकाच खुर्चीत, बढतीची हाव नाही. असं माणूस शोधा. आणि ‘सगळ्यांशी गोड राहा’ सांगणारे रील्स बंद करा, गोड माणसालाच पुढे ढकलतात.

तीन महिन्यांत राजीनामा टाकू नका, पुढच्या ऑफिसखालीही टपरी असतेच. पण झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल, तर हे सगळं गुंडाळून ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइनही आहे, १४४१६. मी जायला सात महिने लावले. मूर्खपणा होता.

आता माझ्या हाताखाली तीन फ्रेशर आहेत. परवा क्लायंटला तारीख पुढे जाणार हे कळवायचं होतं. त्यांच्यातल्या एकाकडे वळून मी म्हणालो, “तू सांग ना, तू नवीन...” आणि तिथेच अडखळलो. तो बिचारा वहीत लिहून घेत होता. मेल मग मीच टाकला.