कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल मत लिहिताना

कादंबरीवर बेतलेल्या सिनेमाबद्दल लिहायला बसलं की पहिलं वाक्य हमखास येतं: 'पुस्तकाची सर नाही.' ते खोडा. खरं असलं तरी खोडा, कारण ते कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतं.

पुस्तक वाचलेलं नसेल तर आधी सिनेमा बघा. उलट केलं तर सगळं लक्ष काय गाळलं हे शोधण्यातच जातं. वाचून बरीच वर्षं झाली असतील तर उजळणी सिनेमा बघितल्यावर करा, आधी नको.

पहिल्यांदा बघताना वही बाजूला ठेवा. दुसऱ्यांदा बघताना मिनिटांसकट आठ-दहा नोंदी करा, जास्त नकोत. नोंदीत विशेषण नको, दिसलं-ऐकलं तेवढंच: कोण कुठे उभं आहे, बोलणाऱ्याऐवजी कॅमेरा कोणावर आहे, पार्श्वसंगीत कुठे थांबतं. 'छान सीन' ही नोंद आठवड्याने तुम्हालाच कळत नाही. पुस्तकात पेन्सिलीची बारीक रेघ, शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती कितवी तेही. नव्या आवृत्तीत पानं सरकतात, आणि वाचकाला तुम्ही सांगितलेल्या पानावर ते वाक्य सापडत नाही.

मग तुलना. 'सिंहासन' (१९७९) घ्या. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची, पण आधार अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा: 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. नावावरून एकच कादंबरी शेजारी ठेवणारे इथेच फसतात आणि नसलेले बदल पटकथेच्या माथी मारतात. दोन्ही वाचा, कागदावर दोन रकाने आखा: राहिलेलं आणि गेलेलं. गेलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे कारण लिहा. वेळ नव्हता म्हणून गेलं? त्या पात्राचं काम दुसऱ्याकडे दिलं म्हणून? की ते मनातलं होतं, दाखवता येत नव्हतं?

खरी गंमत या तिसऱ्या प्रकारात आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त धनगरांची वाडी आपल्याला तरुण मास्तरच्या निवेदनातून कळते. अमोल पालेकरांच्या सिनेमात (१९९५) कॅमेरा मास्तरकडेही बाहेरून बघतो. त्यामुळे 'पुस्तकातलं किती आलं' हा प्रश्न तिथे फारसा कामाचा नाही. मास्तरचं नवखेपण त्याने न सांगता कसं कळतं, ते शोधा. त्याचं उत्तर देणारे दोन प्रसंग नीट मांडले की निम्मा लेख झाला.

अभिनयावर लिहिताना हीच शिस्त. 'निळू फुले यांचा अप्रतिम अभिनय' यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. 'खलनायकी भूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट "सिंहासन"मध्ये पत्रकार आहे आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याचंच काम त्याच्याकडे जास्त आहे' असं लिहून, तो ऐकतानाचा एक प्रसंग द्या. विशेषणाची गरज उरत नाही.

४०० शब्दांच्या लेखात कथानक ६० शब्दांच्या आत आटपा. बहुतेक लेख इथेच बुडतात: गोष्ट सांगता सांगता जागा संपते आणि मत शेवटच्या दोन ओळींत कोंबावं लागतं. शेवट फोडू नका. तक्रार शेवटाबद्दलच असेल तर वरच तसा इशारा द्या. नावं श्रेयनामावलीतून उतरवा. संवाद अवतरणात टाकायचा असेल तर पुन्हा ऐकून शब्दन्‌शब्द ताडून बघा. आठवणीतले संवाद हटकून बदललेले असतात.

'संथ' हा शब्द वापरायचाच असेल तर कोणता प्रसंग किती मिनिटं चालतो आणि त्यातलं काय प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं, ते सांगा. जुन्या सिनेमांच्या बाबतीत आणखी एक काळजी: ऑनलाइन सापडणारी प्रत पुष्कळदा धूसर असते, कधी कडा कापलेल्या, कधी प्रसंगच गाळलेले. छायाचित्रणाला किंवा संकलनाला नावं ठेवण्याआधी दुसरी प्रत मिळवा, दोन्हींची लांबी ताडून बघा. दुसरी मिळालीच नाही तर त्या दोन गोष्टींवर लिहू नका.